आतली कडी

१

सव्वापाच वाजले की चन्नबसप्पा आपली खुर्ची दोन हात बाजूला सरकवायचे.

ती चहाची वेळ. मागच्या अंगणात शेवग्याखाली त्यांची निळी प्लॅस्टिकची खुर्ची असायची, मागच्या खोलीच्या दाराच्या बरोबर समोर, कारण तिथं सावली चांगली. पण सव्वापाचला ते कप हातात घेऊनच उठायचे, पायानं खुर्ची ढकलायचे आणि पुन्हा बसायचे. त्यांची बायको जगदेवी, म्हणजे अव्वा, पायरीवर शेंगा सोलत बसलेली असली तर साडीच्या निऱ्या जवळ ओढून घ्यायची. पाच मिनिटं गेली की खुर्ची जागेवर, निऱ्या मोकळ्या.

त्यांच्या लेकीला, अक्षराला, हे लहानपणापासून पाठ होतं. तिला फक्त ओरडा बसायचा.

"पाय काढ गं वाटंतून."

"कुणाच्या वाटंतून?"

"वाटंतून म्हणलं ना."

तेविसाव्या वर्षी लातूरहून इंटिरियरचा डिप्लोमा घेऊन ती घरी परतली तेव्हा तिनं या गोष्टीचा एकदाच नीट विचार केला आणि ऊन हे कारण ठरवून टाकलं. म्हाताऱ्यांच्या सवयींना फार वेळ द्यायचा नाही, असं तिचं धोरण होतं.

तिचं खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी होतं. या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होत्या, कुलपं होती, पण आतून काही नाही. पुढचं दार झोपताना नुसतं ओढून घ्यायचे. न्हाणीत गेलं की आवाज करत राहायचं. अव्वा वचनं म्हणायची, चन्नबसप्पा, म्हणजे तिचे अप्पा, खोकायचे, पाहुण्यांना बादली वाजवायला सांगितलं जायचं. अक्षरा दहावीत असताना आवर्त सारणी म्हणायची, आणि म्हणूनच तिला विज्ञानात अठ्ठ्याण्णव पडले, असं अप्पा अजूनही लोकांना सांगतात.

कारण विचारलं की उत्तर एकच. भूकंप. त्र्याण्णव साली पहाटे माणसं आत अडकली, कड्या निघाल्या नाहीत. यावर कोण काय बोलणार? लातूर जिल्ह्यात भूकंपाचं नाव काढलं की पुढच्या पिढीनं गप्प बसायचं असतं.

अक्षरा गप्प बसायची. पण दात आवळून.

२

घरी आल्यावर पंधरा दिवसांत तिनं घर उलटं करून सुलटं केलं. गळका नळ, कुरकुरणारा पंखा, बाजेची सैल नवार, गच्चीवरची भेग. चार वर्षं माळ्यावर पडलेला मिक्सर तिनं चालू केला तेव्हा अव्वानं त्याला विभूती लावली.

काम अवघड नव्हतं. अवघड होते बघे. पोरीच्या हातात करवत बघायला गल्लीतली म्हातारी मंडळी अशी यायची, जशी जत्रेत मौत का कुआ बघायला जातात. त्यांतले कायमचे म्हणजे माणिकप्पा सुतार. वय शहात्तर. या घरची सगळी दारं त्यांनीच केलेली, आणि म्हणून घर थोडं आपलंही आहे असा त्यांचा समज. उलट्या बादलीवर बसून ते सांगायचे, "पातं लई भाईर काढलीस. लाकूड रडून राहिलंय."

"लाकूड रडत नाही, काका."

"मग कोण रडून राहिलंय? चहा झाला का?"

त्यांनी केलेल्या दारांवरही तिचं म्हणणं होतं. सगळी दारं बाहेर उघडणारी, आणि बिजागऱ्या बाहेरून. "कुठं असतं असं, काका? बिजागरीची खीळ काढली की अख्खं दार चोराच्या हातात."

"हाव. निघतंय पटकन," माणिकप्पा समाधानानं म्हणाले होते. जणू तिनं कौतुक केलं.

आता मात्र वेळ नव्हता. जळकोटच्या एका अभ्यासिकेनं तिला बारा बैठी डेस्क सांगितली होती. सांगाडे झाले होते, वरच्या फळ्या राहिल्या होत्या. सोमवारी सकाळी टेम्पो येणार. तिच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम. फोनमध्ये पुण्याच्या एका फर्निचर कंपनीचं नोकरीचं पत्र पडून होतं, त्यालाही सोमवारपर्यंतच उत्तर द्यायचं होतं. डेस्क वेळेत झाली तर ती इथं राहून स्वतःचं वर्कशॉप काढणार. नाही झाली तर हडपसरला कुणाच्यातरी हाताखाली.

"अप्पा, मागची खोली द्या मला."

"घे की. बारदानं तर हायत तिथं."

"आणि दाराला आतून कडी लावणार मी."

अप्पांचा कप ओठांपाशीच थांबला. "कडी सोडून काय बी लाव. एसी लाव."

"भूकंप पहाटे झाला होता. मी दिवसा काम करणार आहे."

"दिवसा भूकंप येत न्हाई असं कुणी लिहून दिलंय?"

"आला तर लाथ घालीन दाराला. अप्पा, मला एक दार पाहिजे जे मी बंद केलं की बंद राहील. कुणी न विचारता आत येणार नाही, सल्ला देणार नाही, चहा मागणार नाही. एवढंच."

अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं हे बोलणं त्यांनी पूर्वी कुठंतरी ऐकलं होतं. मग म्हणाले, "न्हाई म्हणजे न्हाई."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ते उदगीरला लग्नाला गेले. मुक्कामी.

अक्षरानं ड्रिल मशीन बाहेर काढलं.

३

कडी साधी होती. आडवी सरकणारी, चार स्क्रूंची, आणि चौकटीत जीभ अडकायला एक डोळा. तिनं छातीच्या उंचीवर पेन्सिलनं खुणा केल्या आणि थांबली.

जिथं खुणा केल्या होत्या तिथं आधीच चार भोकं होती. म्हणजे, होती कधीतरी. आता त्यात सागाच्या खुंट्या ठोकून, घासून, तेल पाजून ती बुजवलेली. बोट फिरवलं तरी कळू नयेत इतकी सफाई. रेघांच्या दिशा जुळल्या नव्हत्या म्हणून तेवढ्या तिला दिसल्या.

म्हणजे कधीतरी कुणीतरी कडी लावली होती. चला, घरात एकतरी शहाणं माणूस होऊन गेलं म्हणायचं. तिनं दोन बोटं वर सरकून नवी भोकं पाडली.

शेवटचा स्क्रू आवळत असताना माणिकप्पा आले. त्यांनी कडी बघितली. मग अव्वानं दिलेला चहा बघितला. अर्धा भरलेला कप त्यांनी पायरीवर ठेवला आणि काठी टेकत निघून गेले. त्यांनी चहा अर्धवट सोडल्याची गल्लीतली ही पहिली घटना होती.

"त्यांना काय झालं?" अव्वानं विचारलं.

"लाकूड रडलं असेल," अक्षरा म्हणाली आणि आत जाऊन कडी सरकवली.

खट्.

काय सुख होतं ते. खोलीला एकच गजांची खिडकी, खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात बारदानांची थप्पी. सागाच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. तिनं अप्पांचा जुना निळ्या चौकड्यांचा शर्ट चढवला, उजव्या खांद्यावर उसवलेला, आणि रंधा हातात घेतला. रंध्यातून कुरळी सालपटं उडायला लागली. कुणी आलं नाही. कुणी बोललं नाही. ती मोठमोठ्यानं गायली, आणि ते न्हाणीतलं गाणं नव्हतं.

किती वाजले बघायला तिनं फोन उचलला तेव्हा सव्वापाच झाले होते.

पाठीमागं कुणी उभं आहे असं तिला वाटलं, असं म्हणणं चूक होईल. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी वाटेत उभ्या आहोत. एसटीत आपण दारापाशी उभे असतो, मागच्याला उतरायचं असतं आणि तो काही न बोलता नुसता थांबतो, तसं. ती विचार न करता एक पाऊल बाजूला झाली. तोंडातून "हं" सुद्धा निघून गेलं.

मग दारानं एक हिसका खाल्ला. आतून बाहेर. कडीची जीभ डोळ्यात वाजली.

खिडकीबाहेर शेवग्याचं पान हलत नव्हतं. तरी तिनं वारा असं ठरवलं. "उतरायचं होतं तर आधी सांगायचं ना," ती दाराला म्हणाली, स्वतःशीच हसली, आणि सातपर्यंत काम करत राहिली.

४

गुरुवारी सकाळी दार उघडेना.

तिनं ओढलं, हलवलं, फटीला डोळा लावला. कडी आतून लागलेली होती. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीच्या गजांतून मांजरही जाणार नाही.

अक्षरा घाबरली नाही. तिला राग आला, आणि तिच्या बाबतीत राग म्हणजे विचार सुरू झाला. दार एका बाजूला झुकलेलं असणार. काल रात्री ओढून घेताना हादरा बसला असणार आणि सैल कडी उतारावरून सरकली असणार. तिनं स्टीलची पट्टी फटीतून घातली, जीभ मागं ढकलली, दार उघडलं आणि लगेच ओळंबा लावून बघितला. दोरी चौकटीपासून सुतभर सुटली होती. बघा. झुकलंय.

एकच गोष्ट बसत नव्हती. काल ती चार फळ्या रंधून गेली होती. आता पाच होत्या. पाचवी इतकी गुळगुळीत होती की तिच्यावरून हात फिरवताना तळव्याला काही लागतच नव्हतं. "थकल्यावर मोजायला चुकले," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, म्हणजे पटेल.

अप्पा नऊच्या बसनं आले. त्यांनी कडी बघितली. ती ओरडा खायला तयार होती, उत्तरंही पाठ करून ठेवली होती. पण ते ओरडले नाहीत.

"काल सव्वापाचला तू आत होतीस का?"

"होते."

"कडी लावून?"

"हो. म्हणूनच तर लावली."

ते पायरीवर बसले आणि चपला काढायचं विसरले. "काढ ती, अक्षरा."

"कारण सांगा, काढते. आणि भूकंप सोडून सांगा."

अप्पा आता चपला काढायला लागले. घरातली मोठी माणसं जे करतात तेच. अक्षरानं वाट बघून बघून शेवटी ओळंबा गुंडाळला. "राहू द्या. सोमवारनंतर भांडू."

तरी तिनं ती कडी काढलीच, पण दुसरी लावायला. ही उभी होती, दाराच्या माथ्यावर. लोखंडी दांडा वर ढकलायचा आणि फिरवून अडकवायचा. एवढं फिजिक्स तिला येत होतं की लोखंड खाली पडतं, वर पडत नाही.

दुपारी जेवून ती समोरच्या खोलीत पंख्याखाली जरा आडवी झाली. उठली तेव्हा अव्वा म्हणाली, "चहा प्यालीस का?"

"कुठला?"

"दाराशी ठेवला की मघाशी. हाक मारली तर ठेव म्हणलीस आतून. काम करताना लई तुसडी होतीस बाई तू."

"अव्वा, मी इथं झोपले होते."

"मग रंधा कोण मारून राहिलं होतं?"

अक्षरा मागं गेली. दार ओढल्यावर सहज उघडलं. आत कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर कप होता, रिकामा. तिला एकदम हसू आलं. माणिकप्पा. कालचा राहिलेला चहा वसूल करून गेले म्हातारबुवा. आवाजाचं कोडं त्यानं सुटत नव्हतं, पण अव्वाला मिक्सर आणि रंधा यांतला फरक कधी कळला होता?

त्या संध्याकाळीही सव्वापाचला ती आतच होती. दांडा वर, फिरवून अडकवलेला. दारानं हिसका खाल्ला नाही. नुसतं मागं कुणीतरी थांबल्यासारखं झालं, आणि मग तेही नाही. जणू ज्याला उतरायचं होतं तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.

अंगणात अप्पांची खुर्ची मात्र अंधार पडेपर्यंत बाजूलाच होती.

५

शुक्रवारी पॉलिश संपलं. ती घरात कुणाला न सांगताच साडेदहाच्या बसनं जळकोटला गेली. पॉलिश घेतलं, सँडपेपर घेतला, अभ्यासिकेत जाऊन जागेची मापं पुन्हा तपासली. तिथल्या पोरांनी विचारलं, "मॅडम, डेस्कला खाली पुस्तक ठेवायला खण येणार का?" मॅडम. ती परतीच्या बसमध्ये चढली तेव्हा पुण्याला नकार कळवायचं वाक्यसुद्धा मनात तयार झालं होतं.

फाट्यावरून चालत घरी आली तेव्हा पाच वाजले होते. अप्पा अंगणात खुर्चीवर होते, पाठ तिच्याकडे.

"अव्वा कुठंय?"

"तुझ्याजवळच हाय की आत," अप्पा म्हणाले. "चिंचा फोडत बसलीय. तू..."

आणि ते वळले.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या पॉलिशच्या डब्याकडे बघितलं, आणि मग मागच्या खोलीच्या दाराकडे.

आतून रंध्याचा आवाज येत होता. सर्र. सर्र. लांब, सावकाश हात. चांगला हात होता.

ती धावली. दार ओढलं. माथ्यावरचा दांडा लागलेला होता.

"अव्वा, कडी काढ."

रंधा थांबला. आत अव्वाचा आवाज आला, नेहमीचा, निवांत, पण तो दाराकडे नव्हता. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा.

"कोण हाय गं भाईर? तुझ्यावानीच आवाज हाय."

"अव्वा, मी आहे. उठ आणि दार उघड."

"अगं बघ तर," अव्वा आत म्हणाली, थोडं हसून. "नाव बी माझंच घेऊन राहिली. तूच उघड बाई, माझा हात पुरत न्हाई वर."

पाऊल वाजलं. एक. दाराकडे नाही.

अक्षरानं खांदा मारायला पवित्रा घेतला, पण अप्पांनी तिला बाजूला केलं. त्यांच्या हातात हातोडी आणि लांब खिळा होता. कधी आणला कुणास ठाऊक. कुठं हात घालायचा ते त्यांना शोधावं लागलं नाही. खालच्या बिजागरीवर खिळा टेकवला, एक ठोका, खीळ वर आली. मधली. दुसरा ठोका. "वरची तू," ते म्हणाले. तिनं पक्कड घालून ओढली. माणिकप्पा खरं बोलले होते. निघत होतं पटकन.

बिजागरीच्या बाजूनं दार चार बोटं सुटलं.

त्या फटीतून तिला अव्वा दिसली. फरशीवर मांडी घालून, पुढ्यात चिंचांची परात, अडकित्त्यासारखा हात चालवत चिंचोके काढणारी. आणि अव्वाच्या पलीकडे, तिच्या अगदी जवळ, एक पाठ. निळ्या चौकड्यांचा शर्ट. केसांत भुसा. आपली पाठ माणूस कधी बघत नाही, तरी अक्षरानं ती ओळखली. शर्ट उजव्या खांद्यावर उसवलेला होता.

पाठ हलली. वळायला लागली.

"बघू नको," अप्पा म्हणाले, आणि दोघांनी मिळून दार ओढलं. ते धाडकन अंगणात आलं, अख्खं, माथ्याच्या दांड्यासकट, आणि संध्याकाळचं ऊन खोलीत शिरलं.

आत अव्वा होती. एकटी. शर्ट खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला होता, जिथं सकाळी अक्षरानं तो ठेवला होता.

"हे काय," अव्वा म्हणाली. "चांगलं दार कामून काढलं? आणि तू कवा भाईर गेलीस? आत्ता तर..."

तिनं बाजूला बघितलं. परातीतून एक चिंच उचलली आणि पुन्हा ठेवली. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी चहा टाकते." आणि ती खोलीबाहेर अशी गेली, की वाटेत कशाला धक्का लागू नये.

सव्वापाच वाजले होते. अप्पांनी अक्षराला दंडाला धरून दाराच्या जागेपासून बाजूला घेतलं. काही दिसलं नाही. उघड्या चौकटीतून थोडी थंडी बाहेर आली, माठ ठेवलेल्या खोलीतून येते तेवढीच, अंगण ओलांडून गेली, आणि शेवग्याची दोन पानं पडली.

६

चहा झाल्यावर अक्षरानं कडीचे स्क्रू काढायला घेतले. पेचकस दोनदा सटकला. अप्पा घरात गेले आणि एक चपटा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात सागाच्या खुंट्या होत्या, पेन्सिलीएवढ्या, हातानं तासलेल्या, जुन्या.

तिनं एक खुंटी उचलली आणि दारावरच्या त्या बुजवलेल्या चार भोकांपाशी धरली. जाडी तीच. तासायची पद्धत तीच.

"हे तुम्ही बुजवलं होतं?"

"हाव."

"म्हणजे कडी पण तुम्हीच..."

"वीस वर्षांचा होतो. रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं मला, या खोलीत. माझे अप्पा, चुलते, माणिकप्पा, सगळे येऊन बसायचे. हे असं कर, ते तसं कर." त्यांनी खुंटीला डिंक लावला. "मलाबी एक दार पायजे होतं."

अक्षराला हसावं की रडावं कळेना. तेवीस वर्षं ती या माणसाशी भांडत होती, आणि वाक्यं सगळी त्याचीच होती.

"मग भूकंप?"

"त्यो नंतर झाला. बरं पडलं म्हणायला. भूकंपाचं सांगितलं की कुणी पुढं विचारत न्हाई."

"आणि खरं काय आहे ते?"

"मला काय ठाव? माझ्या अप्पांनी सांगितलं न्हाई, त्यांना बी कुणी सांगितलं नसंल. रोज जातंय ते सव्वापाचला. जाऊ द्यायचं. कडी न्हाई तर जातंय." त्यांनी खुंटी ठोकली. "कडी लागली की राहतंय. आणि राहिलं की मग घरच्यासारखं वागायला बघतंय."

"हे मला गुरुवारी सांगता आलं असतं."

"तुला पटलं असतं?"

तिनं दुसरी खुंटी घेतली, डिंक लावला, ठोकली. मग खाली बघतच विचारलं, "तुम्हाला काय दिसलं होतं?"

अप्पा पटाशीनं खुंटीचं टोक छाटत होते. "पाठ," ते म्हणाले. "माझीच." टोक छाटून झाल्यावर म्हणाले, "मला कडी काढायला आठ दिवस लागले. तू तिसऱ्या दिवशी काढलीस. शिकलेली हायस."

७

आत डेस्कांच्या बाराच्या बारा फळ्या रंधून तयार होत्या. तिच्या सात आणि त्या पाच. त्या पाच तिच्यापेक्षा चांगल्या होत्या, हे तिला मान्य करावं लागलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "दुसऱ्याचं काम माझ्या नावावर जाणार नाही," असं म्हणून तिनं त्या पाचही फळ्या चुलीसाठी फोडल्या आणि शनिवारी पाच नव्या काढल्या. अव्वानं त्या चुलीत घातल्या नाहीत. गोठ्यामागं नेऊन ठेवल्या.

दार पुन्हा चढवलं. बाहेर उघडणारं, बिजागऱ्या बाहेरून. ओळंबा लावून, पाचर मारून तिनं ते असं बसवलं की कुठल्याही कोनात सोडलं तरी तिथंच उभं राहावं, स्वतःहून केसभर हलू नये. आतून कडी नाही. त्याऐवजी बाहेर एक पाटी टांगली. "आत काम चालू आहे. सल्ला रविवारी ऐकला जाईल."

सल्ला खरंच रविवारी आला. माणिकप्पा काठी टेकत आले, पाटी वाचली, आणि बुजवलेली आठ भोकं बोटानं चाचपून बघितली. चार जुनी, चार नवी. "माथ्याची बी बुजव," ते म्हणाले. "आणि माझा बुधवारचा अर्धा कप राहिलाय."

"गुरुवारी येऊन पिऊन गेलात की," अक्षरा म्हणाली.

"गुरुवारी मी औरादला लेकीकडं होतो."

अव्वानं गाळणी झटकली आणि विषय बदलला. बारा डेस्क अंगणात ओळीनं उभी होती, पॉलिश वाळत होतं, खाली पुस्तकांचे खण. ऊन त्यांच्यावर असं पडलं होतं की बघत बसावं. अक्षरानं पुण्याला नकार कळवला होता. ती पायरीवर ऐसपैस बसली, पाय लांब सोडून, दाराच्या पुढ्यात आडवे, आणि टेम्पोवाला सकाळी किती वाजता येणार ते अप्पांना सांगू लागली. टेम्पोवाल्यानं फोनवर 'बारा बैठ्या'चं 'बारा मेंढ्या' ऐकून गवताची सोय विचारली होती. अप्पा हसत होते. माणिकप्पांना ठसका लागला.

हसतच अप्पा उठले, कप हातात घेऊन, आणि पायानं खुर्ची दोन हात बाजूला ढकलली. माणिकप्पांनी काठी मांडीवर घेतली. अव्वानं निऱ्या ओढल्या.

या वेळी तिला कुणी काही म्हणालं नाही.

मागच्या खोलीत रंध्याचा आवाज झाला. सर्र. एकच हात. मग रंधा खाली ठेवल्याचा, लाकडावर लाकूड, जसा तीच ठेवते तसा. मग पावलं, आणि जे दार स्वतःहून केसभर हलू नये असं तिनं बसवलं होतं, ते सावकाश चार बोटं उघडलं, आणि थांबलं.

वाट बघत असल्यासारखं.

अक्षरानं पाय जवळ घेतले.